चेहऱ्यापर्यंतचे अंतर

मुंबईच्या गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाचे एक चित्रपटगृह होते. १९१०-११ च्या सुमारास तेथे ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट लागला आणि चाळिशीचे एक गृहस्थ तो पाहावयास गेले. छापखान्याचा व्यवसाय सुटलेला, हाताशी निश्चित उद्योग नाही, अशा अवस्थेतील हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. प्रभू येशूचे चरित्र डोळ्यांसमोरून सरकत असताना आपल्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे. पुढल्या खेळाला ते पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला, हा इतिहास मराठी माणसास ठाऊक आहे. एका ख्रिस्तचरित्राने ही ठिणगी टाकली, याचा आपल्या समाजात अभिमानाने उल्लेखही होतो.

परंतु एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. फाळक्यांनी त्या दिवशी ख्रिस्ताला किती जवळून पाहिले?

त्या काळी जगभर फिरणाऱ्या ख्रिस्तपटांकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. फ्रान्समधील पाथे कंपनीसाठी फर्दिनां झेक्का आणि ल्युसियां नोंगे यांनी १९०२ ते १९०५ या काळात ख्रिस्ताच्या जीवनावर आणि दुःखसहनावर जो पट केला, त्यात गव्हाणीपासून स्वर्गारोहणापर्यंतचे प्रसंग एकेका चौकटीत मांडलेले आहेत. कॅमेरा बहुधा समोर उभा, माणसे बहुतेक वेळा डोक्यापासून पायांपर्यंत दिसणारी, मागे रंगविलेला पडदा. नाट्यगृहातील मधल्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकास जेवढे दिसेल तेवढेच कॅमेऱ्यास दिसते. हे प्रसंग सुटे सुटेही विकत मिळत. आपल्या चर्चच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात, तशी ती मांडणी होती. भाविकाने एका स्थानापुढे थांबावे, प्रार्थना करावी आणि पुढच्या स्थानाकडे जावे.

या चौदा स्थानांपैकी सहावे मात्र निराळे आहे. तेथे वेरोनिका येशूचा चेहरा पुसते आणि तिच्या हातातील कापडावर केवळ त्याचा चेहरा उरतो. गर्दी नाही, शिपाई नाहीत, क्रूसही नाही. चित्रपटाच्या परिभाषेत ज्याला ‘क्लोज-अप’ म्हणतात, ते परंपरेने शतकानुशतके आपल्यापुढे धरलेले आहे. चित्रपटाच्या कॅमेऱ्याला मात्र तेवढे अंतर चालून जाण्यास बरीच वर्षे लागली. ते अंतर तो कसा चालला आणि चेहऱ्याशी पोहोचल्यावर कोणत्या उंचीवर उभा राहिला, याचा हा वृत्तान्त आहे. लाँग शॉट, क्लोज-अप, लो अँगल ही सारी तंत्राची नावे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे कोठून पाहावे?

उभा कॅमेरा

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्राँ काफेच्या तळघरात ऑग्युस्त आणि लुई ल्युमिएर या बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रे दाखविली. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे खेळ झाले. त्यांचे यंत्र हाताने फिरवावयाचे होते. सुमारे १७ मीटर फीत त्यात मावे आणि पन्नासएक सेकंदांत ती संपून जाई. एका हाताने दांडा सारख्या गतीने फिरवीत राहणे हेच मोठे कौशल्य होते. तिकाटण्यावर घट्ट बसविलेला कॅमेरा हलविण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नसे.

तरीही या पहिल्या चित्रांत पुढचे पुष्कळ काही बीजरूपाने आढळते. ल्युमिएरांचे आगगाडीचे सुप्रसिद्ध चित्र घ्या. ला सिओता स्थानकाच्या फलाटावर कॅमेरा रुळांशी तिरका ठेवलेला आहे. दूरवरून ठिपक्याएवढे इंजिन येते, मोठे होत होत चौकटीच्या कडेने निघून जाते आणि मग उतारू अगदी जवळून चालत जातात. कॅमेरा जागचा हलला नाही, परंतु दूरचे दृश्य, मध्यम अंतरावरचे दृश्य आणि जवळचे दृश्य असे तिन्ही प्रकार त्या एका मिनिटात येऊन गेले. जेथे प्रेक्षक उभा राहणार नाही तेथेही कॅमेरा उभा राहू शकतो, हे प्रथम त्यांच्याच एका माणसाने दाखविले. आलेक्झांद्र प्रोमियो हा ल्युमिएरांचा छायाचित्रकार १८९६ साली व्हेनिसला गेला असता त्याने कॅमेरा होडीत ठेवला आणि कालव्याकाठची घरे सरकू लागली. पुढे १९१४ साली इटलीच्या जोव्हान्नी पास्त्रोने यांनी ‘काबिरिया’ या भव्य पटासाठी चाकांच्या गाड्यावर कॅमेरा चढवून तो पात्रांच्या दिशेने हळूहळू सरकविला. आज ज्याला ‘ट्रॅकिंग शॉट’ म्हणतात, त्याचे हे पूर्वज होत.

भिंगातून दिसलेला डोळा

चेहऱ्याजवळ जाण्याचे धाडस मात्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन आणि होव्ह या जुळ्या गावांतील दोन हौशी माणसांनी केले. जॉर्ज आल्बर्ट स्मिथ याने १९०० साली एक छोटेसे चित्र काढले. एक मुलगा आजीचे भिंग घेऊन सारे घर न्याहाळतो. वर्तमानपत्र, घड्याळाची यंत्रणा, पिंजऱ्यातील पक्षी, आजीचा डोळा आणि मांजर. मुलगा जे पाहतो ते काळ्या वर्तुळात पडदाभर दिसते. मोठे दाखविण्यासाठी सबब हवी होती, ती भिंगाने पुरविली. तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, आजारी मांजरीच्या पिलाला चमच्याने औषध पाजण्याच्या चित्रात त्याने भिंगाची सबबही सोडून दिली. पिलू नीट दिसावे एवढ्यासाठी त्याने कॅमेरा पुढे नेला. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण त्या क्षणी प्रेक्षक आपली खुर्ची सोडून, कोणाच्याही नकळत, त्या मुलीच्या मांडीपाशी जाऊन बसला होता.

दुसरे गृहस्थ जेम्स विल्यमसन. त्यांच्या १९०१ च्या एका विनोदी चित्रात एक चिडलेला माणूस कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येतो, त्याचा चेहरा मोठा होत जातो, तोंड उघडते, सारा पडदा अंधारतो आणि कॅमेऱ्यासह छायाचित्रकारच त्या जबड्यात गडप होतो! याच विल्यमसन यांच्या कंपनीने पुढे कॅमेरे तयार केले आणि १९१२ साली लंडनला गेलेल्या फाळक्यांनी त्यांतलाच एक विकत घेऊन मुंबईस आणला. दादरच्या घरी त्यांनी वाटाण्याचे बी पेरून अंकुराची वाढ थोडी थोडी टिपली आणि त्या छोट्या पटाच्या बळावर पुढील भांडवल उभे केले. उघड्या जबड्यापर्यंत पोहोचलेल्या माणसाचे यंत्र आपल्याकडे आले आणि त्याने प्रथम पाहिले ते एका रोपट्याकडे, हा योगायोग मोठा लोभस आहे.

क्लोज-अपला भाषेचे रूप आले ते अमेरिकेत. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०८ पासून बायोग्राफ कंपनीसाठी शेकडो लघुपट केले. बिली बिट्झर हे त्यांचे छायाचित्रकार. नटाला कमरेपर्यंत किंवा खांद्यापर्यंत दाखवू लागताच मालकवर्गाने कुरकुर केली, अशी हकीकत सांगतात. पूर्ण नटाचे पैसे मोजले असता अर्धाच नट का दाखविता, असा त्यांचा सवाल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो रास्तच म्हणावा लागेल. ग्रिफिथ यांचे उत्तर १९१६ च्या ‘इनटॉलरन्स’मध्ये पाहावयास मिळते. नवऱ्यावर खुनाचा खटला चालू असताना मे मार्श या नटीचा चेहरा आपण पाहतो आणि मग फक्त तिचे हात. एकमेकांत रुतलेली, स्वतःलाच पिळणारी बोटे. अर्धा नट दाखवूनच त्यांनी संपूर्ण स्त्री दाखविली.

येथे शब्दांचा एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत या दृश्याला ‘क्लोज-अप’ म्हणतात. त्यात जवळीक आहे. फ्रेंचमध्ये त्यालाच ‘ग्रो प्लाँ’ म्हणतात. त्यात आकाराचा मोठेपणा आहे. एकीकडे प्रश्न येतो की आपण किती जवळ गेलो. दुसरीकडे येतो की वस्तू किती मोठी झाली. आपल्या व्ही. शांताराम यांनी १९३४ साली ‘अमृतमंथन’मध्ये लांब पल्ल्याचे भिंग वापरून राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखविला. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन या नटाचा होता. त्या दृश्यात जवळीक मुळीच नाही, धाक आहे. क्रूर धर्माधिकाऱ्याचा डोळा पडद्याएवढा झाला की प्रेक्षक लहान होतो. म्हणजे एकच शॉट प्रेमाचाही असू शकतो आणि दहशतीचाही. अंतर सांगितले म्हणजे सारे सांगून झाले असे होत नाही. उंचीही सांगावी लागते.

वर आणि खाली

कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या पातळीवर असला की आपण त्याच्याशी बरोबरीने बोलत असतो. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला की पात्र उंच, बलवान, कधी भयावह दिसते. हा लो अँगल. कॅमेरा वर चढवून खाली रोखला की तेच पात्र ठेंगणे, एकाकी, दुबळे दिसते; हा हाय अँगल. हे काही चित्रपटवाल्यांचे संशोधन नव्हे. मूल बापाकडे खालूनच पाहते. राजाचे सिंहासन आणि न्यायाधीशाचे आसन पूर्वापार पायऱ्यांवर चढविलेले असते. आपली भाषाही ‘वरिष्ठ’ आणि ‘हाताखालचा’ असे शब्द सहज वापरते. कॅमेऱ्याने एवढेच केले की, ही समाजातली उंची इंचांत मोजून दाखविली.

१९२४ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी ‘द लास्ट लाफ’ या नावाने जगभर गाजलेला मूकपट केला. एका मोठ्या हॉटेलच्या दारावरील वृद्ध दरवान ही त्यातली मुख्य व्यक्तिरेखा. एमिल यानिंग्स यांनी ती रंगविली. चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा लिफ्टमधून खाली उतरतो आणि दिवाणखान्यातून फिरत्या दरवाजापर्यंत जातो. त्यासाठी छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी सायकलचा उपयोग केला. सोनेरी गुंड्यांचा गणवेश घातलेला तो दरवान आपल्याला किंचित खालून दिसतो, सेनापतीच जणू. पुढे वयामुळे त्याचा गणवेश काढून घेतात आणि त्याला तळघरातील स्वच्छतागृहात टॉवेल देण्याच्या कामावर बसवितात. तेथे त्याची वाकलेली पाठ आपण वरून पाहतो. माणूस तोच आहे. जगाने त्याच्याकडे पाहण्याची उंची बदलली, म्हणून कॅमेऱ्यानेही बदलली.

अर्थात हा नियम गणितासारखा लावता येत नाही. ऑर्सन वेल्स यांनी १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये निवडणूक हरलेल्या केनला इतक्या खालून दाखविले आहे की, छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांना त्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली. केन डोंगराएवढा दिसतो, पण डोक्यावर छत दाबत असते आणि भोवती कोणी उरलेले नसते. मोठेपणाच तेथे कैदखाना झाला आहे. उलट जपानचे यासुजिरो ओझू आपला कॅमेरा सदैव खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या पातळीच्या आसपास ठेवीत. त्यांच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’त म्हातारे आईवडील मुलांच्या घरी पाहुणे म्हणून येतात. कॅमेरा खाली असूनही तेथे कोणीही भव्य दिसत नाही. आपण त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो आहोत, एवढेच वाटते. आपल्या ओटीवर पाट मांडून बसलेल्यांना ही उंची परिचयाची वाटावी.

खड्ड्यात उतरलेला कॅमेरा

या साऱ्या इतिहासाचा कळस एका खटल्याच्या चित्रणात झाला. तो खटला आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक दुखरी जागा आहे.

फ्रान्सच्या दोंरेमी गावातील जोन ही शेतकऱ्याची मुलगी. आपल्याला संतांच्या वाणी ऐकू येतात, असे सांगून तिने फ्रेंच सैन्याचे नेतृत्व केले. १४३० मध्ये ती पकडली गेली व इंग्रजांच्या हाती पडली. रूआं येथील धर्मन्यायालयात बोव्हेचे बिशप पियेर कोशों यांच्यापुढे तिच्यावर पाखंडाचा खटला चालला आणि ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा तिचे वय सुमारे एकोणीस वर्षांचे होते. १४५६ मध्ये पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या कारकिर्दीत तो निवाडा रद्द ठरला आणि १६ मे १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद बहाल केले.

डेन्मार्कचे दिग्दर्शक कार्ल थेओडोर ड्रायर यांनी १९२७ साली फ्रान्समध्ये ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा मूकपट चित्रित केला. लढाया, घोडे, राज्याभिषेक यांपैकी काहीही त्यांनी घेतले नाही. खटल्याची मूळ कागदपत्रे उपलब्ध होती. त्यांतील प्रश्नोत्तरे घेऊन कित्येक आठवड्यांची कारवाई त्यांनी एका दिवसात आणली. पॅरिसनजीक हेर्मान वार्म आणि जाँ ह्युगो यांनी किल्ल्याचा भव्य सेट उभारला. पांढरा रंग प्रकाशात डोळ्यांवर येतो म्हणून भिंतींना गुलाबी छटा दिली, की कृष्णधवल फितीवर त्या मवाळ राखाडी दिसाव्यात. एवढा खर्च करून बांधलेला हा किल्ला चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही! निर्मात्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. ड्रायरना चेहरे हवे होते. सुमारे दीड हजार शॉट्सच्या या चित्रपटाचा फार मोठा भाग क्लोज-अपने व्यापला आहे.

हे शक्य झाले त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. पूर्वीच्या फितीला लाल रंग कळत नसे. त्यामुळे त्वचेवरील तांबूस छटा काळपट उमटत आणि नटांना जाड रंग फासावा लागे. विसाच्या दशकात सर्व रंगांची जाण असणारी पॅनक्रोमॅटिक फीत प्रचारात आली. ड्रायर यांनी तिचा लाभ घेऊन कोणालाही रंगभूषा करू दिली नाही. छायाचित्रकार रूडॉल्फ माते यांच्या भिंगापुढे न्यायाधीशांचे चामखीळ, सुरकुत्या, थुंकीचे तुषार जसेच्या तसे आले. आणि जोनची भूमिका करणाऱ्या रने फाल्कोनेत्ती यांच्या फुटलेल्या ओठांवरील कोरडही आली. फाल्कोनेत्ती रंगभूमीवरील नटी होत्या. चित्रीकरण कथेच्या क्रमानेच झाले आणि केस कापण्याच्या प्रसंगी त्यांचे केस खरोखरच कापले गेले. त्यानंतर त्यांनी चित्रपटात काम केले नाही.

आता उंचीचा विचार करू. न्यायालयात न्यायाधीश उंचावर बसतात आणि आरोपी खाली. ड्रायर यांनी न्यायाधीशांना बहुतेक वेळा खालून टिपले आहे. त्यासाठी सेटवर जमिनीत खड्डे खणून कॅमेरा त्यांत उतरविला. त्या कोनातून त्यांच्या हनुवट्या, नाकपुड्या आणि टकले राक्षसी मोठी होतात. कोण कोठे बसला आहे, दार कोणत्या बाजूस आहे, हे सांगणारे सबंध दालनाचे दृश्य दिग्दर्शक आपल्याला नीट देतच नाहीत. जोनलाही त्या दालनात दिशा सापडत नव्हती. आपल्यालाही सापडत नाही. प्रश्न वरून कोसळतात. तू ईश्वरी कृपेत आहेस काय, असा प्रश्न येतो. होय म्हटले तर उद्दामपणा, नाही म्हटले तर कबुली. असा तो सापळा. मी कृपेत नसेन तर देवाने मला तीत घ्यावे आणि असेन तर तीत राखावे, या अर्थाचे तिचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. पडद्यावर आपण ते उत्तर वाचतो आणि मग तिचा चेहरा पाहतो. मागे भिंतीचा पांढुरका पट्टा आहे, बाकी काही नाही. वेरोनिकेच्या कापडावरही याहून अधिक काय होते?

येथे लो अँगलचा नेहमीचा अर्थ उलटतो. खालून पाहिल्याने न्यायाधीश मोठे दिसतात हे खरे, पण त्यांचे मोठेपण केवळ मांसाचे आणि खुर्चीचे आहे, हेही त्याच कोनातून कळते. कॅमेरा खड्ड्यात उतरला आहे, म्हणजे तो जोनच्या बाजूला गेला आहे. न्यायासनाच्या उंचीवरून ती आपल्याला दाखविली असती, तर दया आली असती. खड्ड्यातून पाहिल्यावर दया दाखविण्याइतकी उंचीच आपल्यापाशी उरत नाही.

आगीतून वाचलेली प्रत

हा चित्रपट २१ एप्रिल १९२८ रोजी कोपनहेगन येथे प्रथम प्रदर्शित झाला. पॅरिसमध्ये तो ऑक्टोबरमध्ये लागला, परंतु तत्पूर्वी पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आणि सरकारी परीक्षकांच्या आग्रहामुळे त्यात काटछाट करण्यात आली. धर्माधिकाऱ्यांची प्रतिमा फार कठोर उतरली आहे, ही त्यावेळची बोच होती. आज आपण त्या आर्चबिशपांना हसू नये. आपल्या घरातील जुने पाप पडदाभर मोठे करून दाखविले जात असता शांतपणे पाहणे कोणाला सोपे जाईल?

त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनमधील आगीत मूळ निगेटिव्ह जळून गेले. ड्रायर यांनी वापरात न आलेल्या तुकड्यांतून दुसरी आवृत्ती जुळविली. तिचे निगेटिव्हही १९२९ मध्ये आगीतच गेले. ज्वाळांत मेलेल्या मुलीच्या चित्रपटाचा दोनदा अग्नीने घास घेतला. त्यानंतर अनेक दशके जगाने तो कापलेल्या, झिजलेल्या प्रतींवरच पाहिला. १९६८ मध्ये ड्रायर निवर्तले ते आपली मूळ कृती नष्ट झाली असे समजूनच. आणि १९८१ साली नॉर्वेत, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात, मूळ डॅनिश आवृत्तीची जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली.

१९९५ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते. कलेच्या विभागात ‘सिटिझन केन’ आणि मूल्यांच्या विभागात ‘इनटॉलरन्स’ आहे. धर्मविभागात पाथेचा तो जुना ख्रिस्तपट आहे आणि ड्रायर यांची जोनही आहे. ज्या कृतीला १९२८ मध्ये कात्री लागली, तिला सदुसष्ट वर्षांनी रोमने आपली म्हटले. १४३१ चा निवाडा १४५६ मध्ये फिरला, १९२० मध्ये तीच मुलगी वेदीवर आली. घटना तीच राहिली आणि पाहणाऱ्यांची जागा बदलली. ख्रिस्तसभेलाही आपला कॅमेरा हलविता येतो, याचे हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

दुरून पाहणारा शिष्य

मग जवळ जाणे हेच नेहमी श्रेष्ठ काय? त्याच यादीतील आणखी एक चित्रपट वेगळे उत्तर देतो. इटलीचे पिएर पाओलो पासोलिनी हे मार्क्सवादी विचारांचे आणि स्वतःस अश्रद्ध म्हणविणारे. त्यांनी १९६४ साली संत मत्तयकृत शुभवर्तमानावर चित्रपट केला आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. दक्षिण इटलीतील मातेरा या दगडी गावाला जेरुसलेम केले, एन्रिके इराझोकी या स्पॅनिश विद्यार्थ्याला ख्रिस्त केले आणि वृद्ध मरियेच्या भूमिकेत आपल्या आईला उभे केले. चित्रपटाच्या आरंभी मरिया आणि योसेफ यांचे चेहरे समोरासमोर, जवळून, निःशब्द दिसतात.

परंतु ख्रिस्ताचा न्यायनिवाडा सुरू होताच कॅमेरा मागे हटतो. तो गर्दीत उभा आहे, माणसाच्या हातात आहे, हलतो आहे. पुढच्या माणसांच्या डोक्यांआडून, खांद्यांआडून कैफा आणि पिलात दूरवर दिसतात आणि मधूनच झाकले जातात. आपल्याला मान उंच करून पाहावेसे वाटते. ज्या क्षणी चेहरा पाहण्याची सर्वांत अधिक ओढ, त्याच क्षणी तो मिळत नाही. मत्तयाचे शुभवर्तमान उघडून सव्विसावा अध्याय वाचावा. तेथे लिहिले आहे की, पेत्र दुरूनच त्याच्यामागे महायाजकाच्या वाड्यापर्यंत गेला. कॅमेरा नेमका तेथे उभा आहे, पेत्राच्या जागी. त्या लाँग शॉटमध्ये तंत्राची उणीव नाही. त्यात शिष्याची भीती आणि लाज आहे. ड्रायर आपल्याला आरोपीच्या बाजूस बसवितात. पासोलिनी आपल्याला पळून गेलेल्यांत उभे करतात. दोघेही खरे बोलतात, कारण आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी या दोन्ही जागी उभा राहिलेला असतो.

हे सारे आता केवळ चित्रपटवाल्यांपुरते राहिलेले नाही. प्रथम कम्युनियन असो, लग्न असो वा दफनविधी, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि त्यात कॅमेरा आहे. शवपेटीपाशी वाकून रडणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याजवळ तो नेणारे आपण पाहतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे चित्र उभ्याउभ्याच, वरून घेणारेही पाहतो. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण एकाने परवानगीशिवाय जवळीक घेतलेली असते आणि दुसऱ्याने नकळत आजीला लहान केलेले असते. मुर्नाऊ यांना ज्यासाठी सायकल लागली आणि ड्रायर यांना ज्यासाठी जमीन खणावी लागली, ते करण्यास आपल्याला काहीच सायास नाहीत. आजीच्या खाटेशी स्टूल ओढून बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आलो आणि थोडे थांबलो, की पुरे.

१९६२ साली जाँ-ल्यूक गोदार यांनी ‘व्हिव्हर सा व्ही’ या चित्रपटात असा प्रसंग घेतला आहे. पॅरिसमधील एक मुलगी, जिचे आयुष्य देहविक्रयाकडे घसरत चालले आहे, अंधाऱ्या चित्रपटगृहात ड्रायर यांची जोन पाहत बसली आहे. पडद्यावर फाल्कोनेत्तींचे डोळे भरून येतात. मग आपल्याला खुर्चीतील मुलीचा चेहरा दिसतो, तितकाच जवळून. आणि तिच्याही गालांवरून अश्रू ओघळत असतात. तिला बघणारे पुरुष पुष्कळ होते. त्या अंधारात कोणीतरी तिच्याच उंचीवरून तिच्याकडे पाहिले होते.

गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्ताला दुरून, पूर्णाकृती पाहिले आणि तेवढ्यावर त्यांचे आयुष्य पालटले. त्या दिवसापासून कॅमेरा फार जवळ आला आहे. येत्या उपवासकाळात क्रुसाची वाट करताना सहाव्या स्थानापुढे उभे राहिलो म्हणजे एवढे जरूर आठवावे, की वेरोनिका गर्दीतून वाट काढीत त्या चेहऱ्यापर्यंत गेली, ती तो पुसण्यासाठी.